शाळेच्या बँडची शिक्षिका आणि संचालिका होणे : हे करिअर नेमके कसे असते?

गवतीचहा (ओहायो) :

नमस्कार. आमची मुलगी इथल्या सार्वजनिक शाळेत अकरावीत आहे आणि सहावीपासून शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. पुढच्या शिक्षणाचा विषय घरात निघाला, तेव्हा तिने फारसे आढेवेढे न घेता सांगितले की तिला बँडची शिक्षिका आणि संचालिका व्हायचे आहे. आम्ही दोघेही अभियंते, मूळचे मिरजेकडचे. सतारी आणि तंबोरे बनवणारी घरे लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे संगीताचे वावडे मुळीच नाही. परंतु ‘बँड’ म्हटले की वरातीतला किंवा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातला बँड एवढेच आमच्या डोळ्यांसमोर येत असे. इथे मुलीच्या कार्यक्रमांना जाऊन जाऊन हा प्रकार निराळा आहे इतके कळले. व्हायोलिन-चेलो वगैरे तंतुवाद्ये नसतात, सगळा भार फुंकून वाजवायच्या वाद्यांवर आणि तालवाद्यांवर असतो, आणि मुले खुर्चीवर बसून अर्धा-पाऊण तास गंभीरपणे वाजवतात. मात्र श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहणारा माणूस नेमके काय करतो, त्यासाठी काय शिकावे लागते आणि त्यावर आयुष्य उभे राहते का, याचा अंदाज अजूनही येत नाही.

तिच्या सरांना विचारले तर ते म्हणाले, ‘आधी फ्रेडरिक फेनेल यांच्याविषयी वाचा, मग बोलू.’ इंग्रजीत जे मिळाले ते वाचले, पण त्यातून प्रश्न वाढलेच. या क्षेत्राची आतून माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहावे. उत्साह वाढवणारे आणि सावध करणारे, दोन्ही चालेल.

पावा (मिशिगन) :

गवतीचहाताई, मी इथे माध्यमिक शाळेत बँड शिकवते, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचाच आहे. सरांनी फेनेल यांचे नाव घेतले ते योग्यच केले, कारण आज तुमची मुलगी ज्या पद्धतीच्या बँडमध्ये वाजवते, त्यातला बराचसा विचार त्यांचा आहे.

फेनेल हे अमेरिकी बँडसंचालक आणि शिक्षक. त्यांचा जन्म १९१४ चा, तुमच्याच राज्यातल्या क्लीव्हलंडचा. कुटुंबाच्या उन्हाळी तळावर लहान बासऱ्या आणि ढोल यांचे पथक असे आणि त्यात सातव्या वर्षापासून ते ढोल वाजवू लागले. सतराव्या वर्षी, १९३१ च्या उन्हाळ्यात, मिशिगनमधल्या इंटरलॉकेनच्या राष्ट्रीय संगीत शिबिरात त्यांनी प्रत्यक्ष जॉन फिलिप सूसा यांच्या संचालनाखाली बास ड्रम वाजवला. सूसा म्हणजे अमेरिकी बँडचे दैवत. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यानंतर फेनेल रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकायला गेले, १९३७ मध्ये पदवी आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. तालवाद्यवादनात पदवी मिळवणारे पहिले विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव सांगितले जाते. विद्यार्थी असतानाच त्यांनी रॉचेस्टर विद्यापीठाच्या फुटबॉल संघासाठी चालता बँड उभा केला आणि खेळाचा मोसम संपल्यावर त्याच मुलांना सभागृहात बसवून मैफली सुरू केल्या. आजही शाळाशाळांतून बँडचे वर्ष असेच विभागलेले असते, पावसाळी-थंड मैदानावरचा शरद ऋतू आणि मग सभागृहातला हिवाळा. मधल्या काळात १९३८ ला शिष्यवृत्तीवर ते साल्झबुर्गच्या मोत्झार्टेयममध्ये शिकून आले आणि १९४२ मध्ये टँगलवुडला सर्जी कूसेविट्स्की यांच्याकडे संचालन शिकले. तिथे लेनर्ड बर्नस्टाइन त्यांचे सहाध्यायी होते. बँडच्या माणसाने सिंफनीच्या गुरूकडे जाणे तेव्हा सरसकट घडत नसे.

खरी गोष्ट १९५१-५२ ची आहे. त्या काळी अमेरिकी विद्यापीठांचे कॉन्सर्ट बँड प्रचंड असत. ऐंशी-शंभर वादक, त्यात वीस-पंचवीस क्लॅरिनेट, एकेका ओळीवर, म्हणजे कृतीत वेगळ्या लिहिलेल्या एकेका स्वररेषेवर, सहा-सात जण. आवाज भरदार, पण गोलमटोल. कोण काय वाजवते आहे ते ऐकू येऊ नये असा. वाजवले काय जाई, तर मार्च आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या कृतींची रूपांतरे. फेब्रुवारी १९५१ मध्ये फेनेल यांनी ईस्टमनमध्ये फक्त सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांसाठी मुळातून लिहिलेल्या संगीताची एक मैफल केली, सोळाव्या शतकातल्या रचनांपासून स्ट्राविन्स्कीपर्यंत. लहान लहान गट, प्रत्येक ओळीवर एकच वादक. त्याच वर्षाच्या अखेरीस काविळीच्या आजाराने ते रुग्णालयात अंथरुणाला खिळले आणि तिथे पडल्या पडल्या त्यांनी विचार पुढे नेला की हीच रीत कायमच्या बँडला का लावू नये. ईस्टमनचे संचालक हॉवर्ड हॅन्सन यांनी पाठिंबा दिला आणि सप्टेंबर १९५२ मध्ये ईस्टमन विंड एन्सेम्बलची पहिली तालीम झाली. वादक सुमारे पंचेचाळीस. क्लॅरिनेट आठ, ओबो दोन, हॉर्न चार, ट्रॉम्बोन तीन, ट्युबा एखाद-दुसरा. ८ फेब्रुवारी १९५३ च्या पहिल्या मैफलीत तीनच कृती होत्या : मोत्झार्टची बी फ्लॅट सेरेनेड, वॉलिंगफर्ड रिगर यांचे नऊ पितळी वाद्यांसाठीचे नोनेट आणि हिंडेमिट यांची बँडसाठीची सिंफनी. मोत्झार्टला तेरा वादक, रिगरला नऊ, हिंडेमिटला सगळे. संचालकाने आपल्या वादकांना एका कार्यक्रमात असे आळीपाळीने मंचाबाहेर बसवावे, हे पूर्वीच्या बँडमास्तरांना पटणारे नव्हते.

तुमच्या मुलीच्या जागेवरून याचा अर्थ पाहा. तिसऱ्या क्लॅरिनेटच्या ओळीत सात जण असतील, तर एखाद्या मुलीने अवघड जागी नुसते ओठ लावून बसले तरी चालून जाते. तिथे एकटीच असेल तर तिच्या श्वासाची जागा, स्वराचा चढेपणा, स्वर सुरू करतानाचा जिभेचा आघात, सगळे उघडे पडते आणि ते तिला स्वतःलाच ऐकू येऊ लागते. फेनेल यांनी वादकसंख्या कमी केली ती केवळ ध्वनीच्या सौंदर्यासाठी, असे मानणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते त्यातला मोठा भाग शिक्षणाचा होता. शिवाय प्रत्येक रंग वेगळा ऐकू येणार म्हटल्यावर रचनाकारांनाही लिहावेसे वाटू लागले. स्थापनेच्या वेळी फेनेल यांनी सुमारे चारशे रचनाकारांना पत्रे पाठवून ‘आमच्यासाठी लिहा’ असे सांगितले होते आणि पहिल्या उत्तरांमध्ये पर्सी ग्रेंजर, व्हिन्सेंट पर्सिकेटी आणि राल्फ व्हॉन विल्यम्स यांची पत्रे होती. त्यानंतरच्या दशकात मर्क्युरी कंपनीने काढलेल्या त्यांच्या तबकड्या देशभरच्या शाळांमध्ये पोहोचल्या आणि लहान गावातल्या शिक्षकालाही चांगला बँड कसा वाजतो, हे पहिल्यांदा घरबसल्या ऐकता आले.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. १९६२ मध्ये ईस्टमन सोडून ते मिनीआपोलिस सिंफनीत गेले, १९६५ पासून १९८० पर्यंत मायामी विद्यापीठात शिकवले आणि निवृत्तीच्या वयानंतर, १९८४ मध्ये, टोकियो कोसेई विंड ऑर्केस्ट्राचे संचालकपद घेतले. १९७८ मध्ये क्लीव्हलंडच्या वादकांबरोबर टेलार्क कंपनीसाठी केलेले इंग्रज रचनाकार होल्स्ट यांच्या दोन सुईटचे (अनेक भागांच्या रचनांचे) ध्वनिमुद्रण अमेरिकेतल्या सुरुवातीच्या डिजिटल मुद्रणांपैकी एक. त्यातल्या बास ड्रमच्या ठोक्याने लोकांचे स्पीकर फाटत असत, असे ध्वनियंत्रांचे शौकीन अजून कौतुकाने सांगतात. ढोलावर वाढलेल्या माणसाला ते शोभून दिसते. २००४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते गेले.

जुनाबाजा (टेक्सास) :

पावाताईंनी छान लिहिले आहे, पण गवतीचहाताईंनी सावध करणारेही मागितले आहे म्हणून लिहितो. माझा मुलगा इथे हायस्कूलमध्ये बँड शिकवतो आणि त्याच्यामुळे हे जग आम्ही जवळून पाहिले.

फेनेल यांचे आयुष्य हा नमुना म्हणून धरू नये. ईस्टमनसारख्या ठिकाणी निवडून आलेले, भावी व्यावसायिक वादक समोर असले तर एका ओळीवर एक वादक ठेवता येतो. सार्वजनिक शाळेत दीडशे मुले बँडमध्ये नाव घालतात, त्यांतली निम्मी मित्रांसाठी येतात, काहींनी वाद्य हातात घेऊन वर्षही झालेले नसते. या मुलांनी कुठे जायचे? शाळांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे परीक्षा घेऊन वरच्या मुलांचे ‘विंड एन्सेम्बल’ आणि उरलेल्यांचे दोन-तीन बँड. फेनेल यांची कल्पना अशा रीतीने शाळेत येते तेव्हा तिची नकळत एक उतरंड होते, आणि तळातल्या बँडला बहुतेक ठिकाणी सर्वांत कमी अनुभवाचा शिक्षक मिळतो.

तुमच्या मुलीने फेनेल यांच्याबरोबर विल्यम रेव्हेली यांच्याविषयीही वाचावे. १९२५ मध्ये इंडियानातल्या होबार्ट या छोट्या गावी त्यांनी हायस्कूलचा बँड सुरू केला, तो राष्ट्रीय स्पर्धांत पुन्हापुन्हा पहिला आणला आणि त्या जोरावर १९३५ मध्ये मिशिगन विद्यापीठात गेले. तिथे १९७१ पर्यंत राहिले. शाळेतून विद्यापीठाकडे जाणारा हा रस्ता आजही बहुतेकांचा असतो. मोठा बँड, घोटून घेतलेला स्वर आणि वादकांना घाम फोडणारी शिस्त यांसाठी त्यांची ख्याती होती. त्यांच्या तालमींतल्या रागाच्या कथा तुमच्या मुलीचे सर सांगतीलच. आज तशा रीतीने मुलांशी बोलले तर नोकरी राहणार नाही आणि राहूही नये, परंतु एकाच स्वरावर पूर्ण बँड उभा करायचा त्यांचा आग्रह शाळेच्या शिक्षकाला ईस्टमनपेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे माझ्या मुलाचे मत आहे.

आता व्यवहार. सार्वजनिक शाळेत शिकवण्यासाठी संगीतशिक्षणातली चार वर्षांची पदवी, शेवटच्या टप्प्यात एका सत्राची प्रत्यक्ष शाळेतली उमेदवारी आणि राज्याचा शिक्षक परवाना लागतो. पदवीत आपले मुख्य वाद्य असतेच, शिवाय बासूनपासून ट्युबापर्यंत आणि तालवाद्यांपर्यंत प्रत्येक कुळातले वाद्य नवशिक्याला शिकवता येईल इतपत हाताळावे लागते. विद्यापीठात संचालक व्हायचे तर संचालनातली पदव्युत्तर पदवी आणि बहुतेक वेळा संगीतातली डॉक्टरेट. अशा जागा थोड्या असतात आणि मधली काही वर्षे शाळेत काढलेली असणे निवडीच्या वेळी मोजले जाते. शाळेतला पगार इतर शिक्षकांच्याच श्रेणीत असतो, जादा कामाचा वेगळा भत्ता मिळतो. शाळा सुरू होण्याआधी ऑगस्टच्या उन्हात मैदानावरचे शिबिर, मग दर शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना, शनिवारी स्पर्धा, त्यात गणवेश, बस, वाद्यांची दुरुस्ती, पालकांच्या बैठका. लग्नानंतरची पहिली दोन वर्षे सूनबाईंना आमचे चिरंजीव शरद ऋतूत घरी दिसलेच नाहीत. तालमीत काठी हातात घेऊन उभे राहण्याचा वेळ या सगळ्यातून उरेल तेवढाच.

तरी एक गोष्ट मी स्वतः पाहिली ती सांगतो. इथल्या वसंत ऋतूतल्या स्पर्धेत न पाहिलेली कृती वाजवण्याची एक फेरी असते. शिक्षकाला आणि मुलांना कागद उघडायला सांगतात, शिक्षकाला काही मिनिटे मिळतात आणि त्या वेळात वाद्यातून एकही स्वर काढायचा नसतो. तो फक्त बोलतो, गाऊन दाखवतो, मुले बोटे वाद्यावर फिरवतात, टाळ्यांनी लय मोजतात. मग काठी उचलायची आणि वाजवायचे. शिकवणे आणि संचालन ही दोन निराळी कामे आहेत असे ज्याला वाटते, त्याने ती फेरी बघावी.

गवतीचहा (ओहायो) :

दोघांचेही मनापासून आभार. मुलीला सर्व वाचून दाखवले. आठ क्लॅरिनेट ऐकून ती हसली, कारण त्यांच्या शाळेत दोन डझन आहेत आणि ती तिसऱ्या ओळीतच सुरुवात करून वर आली. तिचे दोन प्रश्न आहेत. एक, तिने पाहिलेले हायस्कूलचे जवळजवळ सर्व संचालक पुरुष आहेत, तर स्त्रियांना वाट कितपत मोकळी आहे? दुसरा, कागदावरची कृती संचालक आधी ‘अभ्यासतो’ म्हणजे एकांतात नेमके काय करतो?

नागोयाकर (जपान) :

मी इथे नोकरीनिमित्त राहतो, संगीतातला नाही. परंतु आमच्या शेजारची मुलगी माध्यमिक शाळेत युफोनियम वाजवत असल्यामुळे बँडचे वेड किती खोल असू शकते हे पाहतो आहे. फेनेल यांचे टोकियो कोसेई पावाताईंनी एका वाक्यात आटोपले, म्हणून थोडी भर घालतो.

रिश्शो कोसेई-काई या बौद्ध संघटनेने १९६० मध्ये हा वाद्यवृंद स्थापन केला. नुसत्या सुषिर वाद्यांचा आणि तरीही पूर्णवेळ व्यावसायिक असा वृंद जगात फार कमी ठिकाणी आहे, आणि लष्कराच्या वा पोलिसांच्या आश्रयाशिवाय चालणारा तर क्वचितच. फेनेल तिथे सत्तरीत आले आणि बारा वर्षे राहिले. अमेरिकेत विद्यार्थ्यांकडून जे बसवून घेतले, ते येथे पगारी वादकांकडून पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि त्या तबकड्या जपानी शाळांत अभ्यासासाठी वापरल्या गेल्या. कोफू शहरात त्यांच्या नावाचे एक सभागृहही १९९२ मध्ये झाले.

इथल्या शाळांचा बँड हा अभ्यासक्रमाचा भाग नसतो, शाळा सुटल्यानंतरचे ते मंडळ असते, आणि त्याचे शिक्षक अनेकदा गणिताचे किंवा समाजशास्त्राचे असतात. अखिल जपान स्पर्धेत प्रत्येक बँडला बारा मिनिटे मिळतात, त्यात एक नेमून दिलेली कृती आणि एक स्वतः निवडलेली. मर्यादा ओलांडली की बाद. या बारा मिनिटांसाठी मुले महिनेमहिने तेच घोटतात. स्वरांची स्वच्छता थक्क करणारी असते, हे खरे. पण वर्षभरात दोनच कृती मन लावून शिकलेल्या मुलाला संगीत किती भेटले, अशी शंका मला येते. अंतिम फेरी पूर्वी टोकियोच्या फुमोन सभागृहात होत असे, २०१२ पासून काही वर्षे ती आमच्या नागोयात झाली. तिकिटे मिळवणे गणपतीच्या दिवसांत कोकणचे रेल्वे आरक्षण मिळवण्याइतके कठीण.

खडकीवाला (पुणे) :

माझे वडील लष्करी बँडमध्ये होते, म्हणून दोन शब्द. आपल्याकडे बँडसंगीताचे रीतसर शिक्षण प्रामुख्याने सैन्यातच राहिले. पचमढीला लष्करी संगीताचे केंद्र आहे, तिथे जवान स्वरलिपी वाचायला, मग रूपांतर करायला आणि निवडले गेले तर संचालन करायला शिकतात. गोव्यात पॅरिश शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई, त्यामुळे मुंबईच्या पोलीस बँडपासून चित्रपटांच्या वाद्यवृंदांपर्यंत गोवेकर वादक भरलेले दिसत. पण शाळेत बँड हा इतर विषयांसारखा तासाला शिकवला जाणारा विषय आणि त्याचा पदवीधर शिक्षक, ही व्यवस्था आपल्या बहुतेक शाळांत नाही. मुलगी उद्या भारतात परत यायचे म्हणाली तर हे लक्षात असू द्यावे.

आणखी एक, विषयाच्या जवळचेच. ज्या होल्स्ट यांच्या सुईट फेनेल यांनी गाजवल्या, त्या होल्स्ट यांनी ऋग्वेदातल्या सूक्तांना संगीत देता यावे म्हणून संस्कृत शिकून घेतले होते आणि महाभारतातल्या सावित्रीवर एक छोटा ऑपेरा लिहिला होता. पोटापाण्यासाठी ते आयुष्यभर शिक्षक होते, लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत. १९०९ ची पहिली सुईट लिहिली तेव्हाही ते तिथेच शिकवत होते.

पावा (मिशिगन) :

मुलीच्या प्रश्नांकडे येते. वाट पूर्वीपेक्षा पुष्कळ मोकळी आहे, सपाट मात्र नाही. अमेरिकन बँडमास्टर्स असोसिएशन ही या व्यवसायातली मानाची संस्था १९२९ ची. तिथे पहिली स्त्री सदस्य, ग्लॅडिस स्टोन राइट, १९८४ मध्ये निवडली गेली. म्हणजे पंचावन्न वर्षांनी. याच बाईंनी त्याआधी, १९६९ मध्ये, स्त्री बँडसंचालकांची वेगळी संघटना उभी केली होती, कारण थांबून चालणार नव्हते. आज सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या स्त्रिया तुम्हाला सर्वत्र भेटतील. हायस्कूलच्या मुख्य संचालकपदी त्या कमी दिसतात आणि मोठ्या विद्यापीठांत आणखी कमी, हे तुमच्या मुलीने बरोबर टिपले आहे. जुनाबाजादादांनी सांगितलेल्या त्या शुक्रवार-शनिवारांचा यात मोठा वाटा आहे. लहान मूल घरी असताना ते वेळापत्रक कोण सांभाळते, यावर बरेचसे ठरते, आणि नोकरी स्वीकारण्याआधी मदतनीस शिक्षक किती आहेत हे विचारण्यात संकोच करू नये.

दुसरा प्रश्न मला अधिक आवडला. ग्रेंजर यांची ‘लिंकनशर पोझी’ ही कृती उदाहरण म्हणून घेऊ. इंग्लंडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या गायकांकडून १९०५-०६ च्या सुमारास गोळा केलेली लोकगीते त्यांनी १९३७ मध्ये बँडसाठी सहा भागांत मांडली. मिलवॉकीला पहिला प्रयोग झाला तेव्हा वादकांना न झेपल्यामुळे सहापैकी तीनच भाग वाजले. पुढची कित्येक वर्षे संचालकासमोर तिचा संक्षिप्त आराखडाच असे, वादकांच्या सुट्या कागदांवर चुका शेकड्यांनी होत्या, आणि दुसऱ्या बासूनच्या कागदावर काय छापले आहे ते संचालकाला तालमीत कानावर आदळल्यावरच कळे. फेनेल यांनी हे सगळे ताडून, चुका दुरुस्त करून १९८७ मध्ये पूर्ण स्वरलेख प्रसिद्ध केला. १९७५ पासून ते शिक्षकांच्या एका मासिकात एकेका कृतीवर ओळ-ओळ समजावणारे लेखही लिहीत होते. माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे शिक्षकी काम हेच आहे, कारण ते ईस्टमनमध्ये प्रवेश न मिळालेल्यांसाठी होते.

त्याच कृतीचा ‘लॉर्ड मेलबर्न’ हा पाचवा भाग उघडला की सुरुवातीलाच मात्रांचे बंधन काढून टाकलेले दिसते. पितळी वाद्ये एकत्र गातात, परंतु प्रत्येक स्वर किती लांबवायचा हे संचालकाने त्या क्षणी ठरवायचे आणि हाताने दाखवायचे. इथे एक-दोन-तीन-चार असे हात फिरवणाऱ्याचा निभाव लागत नाही. म्हणून एकांतात बसून मी ती ओळ आधी गाते. म्हाताऱ्या गवयाने श्वास कुठे घेतला असेल ते शोधते, प्रत्येक स्वरानंतर पुढचा केव्हा हवाहवासा वाटतो ते पाहते, मग तो निर्णय मनगटात कसा दिसेल याचा सराव आरशासमोर करते. त्यानंतर खालच्या ओळी वाचायच्या. कुणाचा स्वर त्या वेळी उंच चढण्याची शक्यता आहे, कुणाला श्वास पुरणार नाही, तिसऱ्या कॉर्नेटवरचा नववीतला मुलगा इथे घाबरेल का, हे सगळे पेन्सिलने समासात लिहून ठेवायचे. विद्यार्थ्यांच्या बँडचा स्वरलेख वाचताना त्यातली मुले दिसावी लागतात. व्यावसायिक वृंदाच्या संचालकाला ही काळजी नसते. तालमीला उभे राहण्याआधी नव्या कृतीवर माझे अनेक आठवडे जातात, तालमीत त्यातले निम्मे बदलावे लागते.

जुनाबाजादादांच्या उतरंडीच्या मुद्द्यावर माझे त्यांच्याशी मतभेद नाहीत, परंतु दोष कल्पनेचा नसून वाटणीचा आहे. आमच्या शाळेत आम्ही मोठा बँड मोठाच ठेवतो आणि त्यातल्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा तरी चौघा-पाचांच्या गटात, एका ओळीवर एकटे, संचालकाशिवाय वाजवायला लावतो. सर्वांत कच्च्या मुलांनाही. पहिले दोन आठवडे कानांना फार त्रास होतो, हे मान्य करते.

तुमच्या मुलीने या उन्हाळ्यात तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. पितळी कुळातले एखादे वाद्य शाळेतून उसने घेऊन त्यावर नवशिकी व्हावे, म्हणजे सहावीतल्या मुलाचे ओठ दुखतात म्हणजे काय होते ते आठवेल. सरांकडून होल्स्ट यांच्या पहिल्या सुईटचा पूर्ण स्वरलेख मागून घ्यावा आणि युफोनियम-ट्युबावर सुरू होणारी आठ मापांची धून पहिल्या भागात कुठे कुठे, कुणाकडे आणि कोणत्या रूपात जाते ते रंगीत पेन्सिलने शोधावे. काही ठिकाणी ती उलटी केलेली आहे, तिथे नुसता कान फसतो. आणि नववीच्या बँडला सुरुवातीचे स्वराभ्यास घ्यायची परवानगी मागावी. अर्ज करताना विद्यापीठाच्या विंड एन्सेम्बलचे नाव बघून भुलू नये. संगीतशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष वादकांसमोर उभे राहू देतात की नाही, उमेदवारीसाठी कोणत्या शाळा मिळतात आणि तिथले शिक्षक किती वर्षे टिकले आहेत, हे आधी विचारावे. प्रवेशाची वाद्यपरीक्षा बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत असते, त्यामुळे तिने वाजवायच्या कृती सप्टेंबरपर्यंत सरांबरोबर ठरवून टाकलेल्या बऱ्या.